दिवा गेला, डाव गेला

अल-मीना या बंदराच्या गावातल्या त्या गल्लीत "सरकार आलं!" अशी आरोळी उठली की समजायचं, वीज आली. सरकार दिवसातून दोन तास यायचं, तेही मनात आलं तर. मग बायका धुण्याची यंत्रं सुरू करायला धावायच्या, पोरी केस वाळवायच्या, गच्चीवरच्या टाक्यांचे पंप घरघरायचे. दोन तासांनी सरकार निघून जायचं आणि गल्ली पुन्हा अबू सिराजच्या हवाली व्हायची.

अबू सिराज म्हणजे मोटारवाला. बंदराच्या बाजूला त्याची डिझेलवर वीज बनवणारी भलीमोठी मोटार होती आणि तिच्यातून निघालेल्या काळ्या वायरी घराघरात घुसल्या होत्या. प्रत्येक घराला पाच अँपियर. पंखा लावा, फ्रिज लावा आणि बसा. वरून इस्त्री लावली की दारावरचा खटका टक्‌ करून पडायचा. वीज वापरा की नका वापरू, पैसे तेवढेच. कायदा म्हणतो मीटर बसवा, जेवढी वापरली तेवढ्याचे पैसे घ्या. पण कायदाही सरकारबरोबरच यायचा आणि सरकारबरोबरच जायचा.

या गल्लीत विदादचं इस्त्रीचं दुकान होतं. वय पन्नाशीच्या पुढे, दंड जाळं ओढणाऱ्या कोळ्यासारखे, आणि जीभ इस्त्रीपेक्षा गरम. नवरा परदेशात, आबिदजानला कमवायला गेला तो तिकडचाच झाला, ईदला फोन करायचा. विदादने त्याच्यावर शिव्याही वाया घालवल्या नाहीत. शिव्या ती अबू सिराजसाठी राखून ठेवायची. दुकानाच्या दारावर तिने पुठ्ठा टांगला होता: "मीटर द्या, नाहीतर चोर म्हणवून घ्या." नगरपालिकेच्या दारात ती एकटी उभी राहायची, मंत्र्याची गाडी आली की बॉनेटवर थापा मारायची. लोक टाळ्या वाजवायचे आणि घरी जायचे. त्याचाच तिला जास्त राग यायचा. टाळ्या वाजवणाऱ्या हातांनी सही कर म्हटलं की त्या हातांना लगेच काम निघायचं.

पाच अँपियरमध्ये इस्त्री चालवायची तर पंखा बंद, फ्रिज बंद. ऑगस्टात दुकान म्हणजे भट्टी. आणि त्या भट्टीत ती ज्याचे पांढरे शर्ट कडक करायची, त्यात अबू सिराजचेही असायचे. पैसे रोख द्यायचा म्हणून ती घ्यायची. घेताना मात्र दरवेळी स्वतःवरच चिडायची.

एक दिवस शर्ट पोचवायला ती कॉफीच्या दुकानाच्या दारात आली. आत बाप्ये पत्ते कुटत होते. अबू सिराज हुक्क्याची नळी तोंडातून काढून म्हणाला, "या, नेत्याबाई या! आज कुणाच्या गाडीवर थापा मारल्या?"

"तुझ्याकडे गाडी आहे ना, तिच्यावर मारते. बाहेर काढ."

सगळे हसले. अबू सिराजही हसला, पण डोळ्यांनी नाही. "अगं, तू ओरडतेस आणि माझी मोटार चालते. तीन वर्षं झाली. दोघींपैकी एक तरी कधी बंद पडली का?"

"पडते की! परवा तास‌भर बंद होती."

"माझी मोटार बंद पडत नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "ज्याच्या घरात अंधार होतो, त्याने पाचाच्या वर ओढलेली असते. चूक त्याची."

विदादच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात कोपऱ्यातला हाज बद्री हळूच म्हणाला, "ती पण शनिवारच्या डावात खेळते ना? मुनीरच्या?"

मुनीर म्हणजे विदादचा धाकटा भाऊ, सिडनीला गॅरेजमध्ये काम करायचा. मीनाहून गेलेली अर्धी माणसं सिडनीत होती, आणि दर शनिवारी मोबाइलवर पोकरचा डाव मांडायची. इकडचे दुपारचा हुक्का ओढत बसायचे, तिकडचे रात्रीचं जेवून. पाच-सहा टेबलं, शेवटी एक टेबल, जो उरला तो जिंकला. अबू सिराज तिथंही दादा होता. कॉफीच्या दुकानातल्या मोठ्या पडद्यावर खेळायचा आणि सगळं दुकान बघायचं.

"हिला तू खेळणं म्हणतोस?" अबू सिराजला हसता हसता ठसका लागला. "मग लागली पैज! शनिवारी आपल्या दोघांत जो आधी बाहेर, तो हरला. मी हरलो तर सगळ्या गल्लीला मीटर. तू हरलीस तर तो पुठ्ठा उतरवायचा आणि मोटारीबद्दल पुन्हा तोंड उघडायचं नाही. जन्मात नाही."

"लिहून देतोस?"

"हे सगळे ऐकतायत. हाज बद्री, ऐकलंस ना?"

"ऐकलं," म्हातारा म्हणाला.

"मग ठरलं," विदाद म्हणाली आणि शर्ट टेबलावर आपटून निघून गेली. रस्त्यात आल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण आपली जीभच पणाला लावून आलो. तोंड बंद ठेवायचं म्हणजे तिच्यापुरतं मरणच.

घरी जाऊन तिने मुनीरला फोन केला. तो आधी खूप हसला.

"आपा, तू हरणार," तो म्हणाला.

"का? मला पत्ते कळत नाहीत?"

"पत्ते कळतात. पण तू कशी खेळतेस सगळ्यांना पाठ आहे. हातात काही नसलं की तू दणकन बोली वाढवतेस. रस्त्यात करतेस तेच. तू ओरडलीस की लोकांना कळतं, हिच्या हातात काही नाही."

विदादने फोन भिंतीवर फेकला असता, पण फोन एकच होता. "मग काय करू? मुकी होऊ?"

"हो. एकदाच. नीट ऐक. सगळ्यात आधी बोलायची पाळी ज्याची असते, त्याची जागा वाईट. त्याच्यामागून सगळे बोलणार असतात. तिथून कुणी मोठी बोली लावली तर लोक दचकतात. पण तिथून कुणी फक्त लंगडत आत आला, म्हणजे नुसती किमान बोली भरली, तर लोकांना वाटतं बिचारा आहे, हाकला याला. अबू सिराज तर हाकलणारच. लंगडा दिसला की लाथ मारायची त्याला सवय आहे. त्याने बोली वाढवली की तू उलटी वाढव. सगळंच लाव. मग त्याला धडकी भरेल. पहिल्या जागेवर, सगळे मागे असताना, जी बाई गप्प बसून आत आली आणि मग उलटली, तिच्याकडे दोन एक्के असणार. दुसरं काही असूच शकत नाही."

"आणि नसले तर?"

"तेच तर! नसतानाच करायचं. एक एक्का असला तर बरं, म्हणजे त्याच्याकडे दोन असण्याची भीती कमी. पण आपा, हे एकदाच चालतं. आणि चाललं तर पत्ते दाखवायचे नाहीत. कधीच नाही."

"मला गप्प बसून आत जायला जमेल?"

"नाही जमणार," भाऊ म्हणाला. "म्हणूनच चालेल."

शनिवारी विदादने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि इस्त्रीच्या टेबलावर मोबाइल टेकवून बसली. केबलचं नेट तिने कधी घेतलंच नव्हतं. गल्लीतलं नेटही अबू सिराजचंच, त्याच्याच मोटारीवर चालणारं. चोराला दोनदा पैसे कशाला द्यायचे? ती फोनच्या सिमवर खेळायची. शटराखालून वरच्या मजल्यावरची उम्म लमीस वाकून आत आली आणि वाटाण्यासारखी टणक झालेली तीळ लावलेली का'कची रोटी चघळत तिच्या खांद्यावरून बघत राहिली.

पहिला तास ती खेळली कमी आणि तिने दातच जास्त खाल्ले. पत्ते टाकले, टाकले, पुन्हा टाकले. अबू सिराजच्या चिप्सचा ढीग वाढत होता. कुणी बोली लावली की तो दुप्पट लावायचा आणि माणसं पळायची. पत्ते बघून नव्हे, त्याचं नाव बघून पळायची. सिडनीत बसलेली, ज्यांच्या घरात चोवीस तास दिवे जळतात ती माणसंसुद्धा! विदादला वाटलं, पडद्यात हात घालून एकेकाची कॉलर धरावी.

"शिवी तरी दे," उम्म लमीस म्हणाली. "तुला असं गप्प बघून मला भीती वाटते."

"गप्प बस गं."

शेवटच्या टेबलावर सहा जण उरले. विदादकडे बेताच्या चिप्स, अबू सिराजकडे डोंगर. आणि बोलायची पहिली पाळी विदादची आली. पत्ते उघडले: बदामचा एक्का, बदामची पंजी.

एक्का आहे. दुसरं काही नाही.

तिच्या अंगठ्याला सवयीने मोठ्या बोलीचं बटण हवं होतं. तीन वर्षांची सवय. तिने अंगठा मागे ओढला, आणि किमान बोली भरली. लंगडत आत.

मधले तिघे पळाले. अबू सिराजने क्षणाचाही विचार न करता चौपट केलं. उरलेला गडीही गेला.

आता विदादची पाळी. घाई करायची नाही, मुनीर म्हणाला होता. ती थांबली. घाम नाकावरून पडद्यावर टपकला. तिने तो पुसला, आणि पुसता पुसताच सगळ्या चिप्स लावल्या.

"या खुदा! काय केलंस?" उम्म लमीसच्या तोंडातून रोटीचा चुरा उडाला. "आहे काय तुझ्याकडे?"

"राग," विदाद म्हणाली.

इकडे कॉफीच्या दुकानात सगळे खुर्च्या पुढे ओढून बसले. मोठ्या पडद्यावर अबू सिराजच्या हातात दोन राण्या होत्या, सगळे बघत होते.

"लाव," कुणीतरी म्हणालं. "राण्या आहेत!"

"लाव काय लाव?" अबू सिराज खेकसला. "पहिल्या जागेवर आहे ती. गप्प आत आली. ती बाई गप्प! तुम्ही कधी ऐकलंय तिला गप्प?"

खरंच कुणी ऐकलं नव्हतं.

"एक्के आहेत तिच्याकडे," तो पुटपुटला. पडद्यावर त्याच्या पाळीचं घड्याळ उतरत होतं. राण्या टाकायच्या तर सगळ्या दुकानासमोर इस्त्रीवालीला घाबरला असं होणार. लावायच्या तर डोंगर अर्धा जाणार. त्याला दोन्ही नको होतं. त्याला डावच नको होता.

आणि डाव नको असला की काय करायचं, हे त्या दुकानात लहान पोरालाही ठाऊक होतं. वीज जायला लागली तेव्हापासूनची रीत होती: पत्ते चालू असताना अंधार झाला की कुणी कुणाचा पत्ता बघितला, कुणी बदलला, भांडण नको. पत्ते फेकायचे आणि नव्याने वाटायचे. दिवा गेला, डाव गेला. या रीतीतून त्या दुकानात भावाने भावालाही सूट दिली नव्हती.

अबू सिराजने फोन उचलला आणि मोटारीवरच्या माणसाला म्हणाला, "अदनान, बघ रे जरा, आपल्या गल्लीची लाईन गरम झालीय का."

अदनानला इशारा कळत होता. पंखे थांबले. दिवे गेले. पडदा काळा झाला.

"दिवा गेला, डाव गेला!" अबू सिराज ओरडला आणि हुश्श करून खुर्चीत मागे टेकला. "चला, नव्याने वाटू."

"डाव गेला," दोघातिघांनी सवयीने म्हटलं. हाज बद्रीने मात्र काठी उचलली. तो काळ्या पडद्याकडे बघत राहिला.

पण पत्ते या टेबलावर नव्हतेच. ते कुठे समुद्रापलीकडच्या यंत्रात होते, आणि त्या यंत्राला मीनाची रीत कुणी सांगितली नव्हती. विदादच्या दुकानातला पंखाही थांबला होता, पण तिचा फोन सिमवर जिवंत होता. त्यावर अबू सिराजच्या नावापुढे घड्याळ उतरत उतरत शून्यावर आलं, आणि दोन्ही राण्या आपोआप पालथ्या पडल्या. चिप्स सरकत विदादकडे आल्या.

खाली एक बटण चमकत होतं: पत्ते दाखवायचे का?

भाऊ म्हणाला होता, कधीच नाही. पण काळोख्या, कोंदट दुकानात बसून विदादला कळलं होतं की हा अंधार कुठून आला. तीन वर्षांत ज्याची मोटार "बंद पडत नाही", त्याची मोटार नेमकी आत्ता पडली! तिचा अंगठा बटणावर आदळला. एक्का आणि पंजी. घे, बघ. पंजीला घाबरलास.

पाच मिनिटांनी पंखे फिरले. कॉफीच्या दुकानातल्या पडद्यावर मागच्या डावाचे ते दोन पत्ते कोपऱ्यात लटकत होते. अबू सिराजचा चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा झाला. तो तसाच उठून गल्लीतून तरातरा आला आणि विदादच्या शटरवर लाथ मारली.

"डाव रद्द! दिवा गेला होता!"

विदादने शटर वर ढकललं. फोन हातातच. "कसा गेला दिवा, अबू सिराज?"

"कसा म्हणजे? मोटार बंद पडली!"

बाल्कन्यांतून डोकी बाहेर आली होती. विदादने आवाज चढवला नाही. "मोटार बंद पडली? तुझी मोटार तर बंद पडत नाही. चूक पाचाच्या वर ओढणाऱ्याची असते. कुणी ओढली मग? मी? माझी इस्त्री गार आहे, हात लावून बघ."

वरून कुणीतरी खुदकन हसलं.

"का तूच खटका ओढायला सांगितलास?" विदाद म्हणाली. "एक काहीतरी सांग. मोटार सडलेली आहे, का मालक?"

हाज बद्री काठी टेकत मागून आला होता. "रीत आपल्या टेबलाची आहे, अबू सिराज," तो म्हणाला. "आणि दिवा आपण विझवला तर ती रीत नाही. ती चोरी."

अबू सिराज बोंबलत असताना विदादने अंगठ्याने दोन मोठे डाव उचलून त्याच्यापेक्षा मोठा ढीग केला होता. त्याच्या चिप्स मात्र दर फेरीला झिजत होत्या, कारण खुर्ची रिकामी होती. हे लक्षात येताच तो पळत कॉफीच्या दुकानात गेला. आता त्याला एकच दिसत होतं: ती पंजी.

म्हणून जेव्हा पुन्हा विदादची पहिली पाळी आली, ती पुन्हा लंगडत आत आली, त्याने पुन्हा बोली वाढवली आणि तिने पुन्हा सगळं लावलं, तेव्हा तो पडद्यावर थुंकल्यासारखा ओरडला, "पुन्हा तेच? मला मूर्ख समजतेस?" आणि लावलं. त्याच्याकडे राजा आणि गुलाम होते.

विदादकडे दोन राजे होते. अबू सिराज डावातून बाहेर.

मुनीरचा सिडनीहून फोन आला, तो नुसता हसत होता. "आपा, दाखवायचे नाहीत म्हटलं होतं मी."

"तुला काय कळतं," विदाद म्हणाली.

रविवारी गल्ली मीटरची वाट बघत होती. सोमवारी अदनान शिडी घेऊन आला, मीटरची एकच पेटी घेऊन. ती विदादच्या दारावर लावायची होती. "मोठा खटका टाकलाय, खाला," तो खाली बघत म्हणाला. "दोन इस्त्र्या एकदम चालतील. पंखा, फ्रिज, सगळं. मालक म्हणाला, बाकीच्यांचं बघू."

बाल्कन्यांत बायका उभ्या होत्या. सगळ्यांना वाटलं, आता शिवी येणार. शिवी आली नाही. विदादने अदनानला कॉफी दिली आणि म्हणाली, "लाव."

उम्म लमीसने खिडकी धाडकन लावून घेतली. "विकली गेली," ती आतून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. विदादला ते इस्त्रीच्या चटक्यासारखं लागलं, पण तिने अदनानची शिडी धरून ठेवली. पेटी बसली. अदनान शिडी घेऊन गेला.

मग विदाद गल्लीच्या मधोमध उभी राहिली आणि तिचा खरा आवाज सुटला.

"ए उम्म लमीस! खिडकी उघड, टवळे! वायर टाक खाली! लांब वायर ज्याच्या घरात असेल त्याने टाका! मीटर माझ्या दारावर, पण फिरेल सगळ्यांचा! सह्या करायला तुमचे हात दुखतात ना? वायर टाकायला तरी दुखू देऊ नका!"

आधी एक वायर आली. मग चौथ्या मजल्यावरून दोन, समोरच्या इमारतीतून एक, न्हाव्याच्या दुकानातून एक. विदादने भिंतीवर लाकडाची फळी ठोकली आणि त्यावर बोर्ड जोडले. जो तो आपली अबू सिराजची काळी वायर दारावरून काढून गुंडाळत होता. पाच अँपियरचे ठरलेले पैसे आता कुणी देणार नव्हतं. सगळी गल्ली एका मीटरवर, जेवढी वापरली तेवढ्याचेच पैसे.

दुपारी अबू सिराज स्वतः आला. इस्त्री केलेल्या शर्टात, काखेत घामाचे डाग. फळीकडे बघितलं, वर जाणाऱ्या वायरींकडे बघितलं.

"काढायला सांग त्या."

"लावायला सांग तू. प्रत्येक दारावर."

"खटका पाडीन मी."

"पाड. सगळ्या गल्लीसमोर, तुझ्या हाताने. म्हणजे परत विचारावं लागणार नाही, मोटार सडलेली आहे का मालक."

तो उभा राहिला. तीही उभी राहिली. तिच्या हातात गरम इस्त्री होती आणि ती खाली ठेवत नव्हती. तेवढ्यात कोपऱ्यावरून पोरांची आरोळी उठली, "सरकार आलं! सरकार आलं!"

एरवी सगळी गल्ली आत धावली असती. त्या दुपारी एकही पंप घरघरला नाही, एकही बाई हलली नाही. बाल्कन्या भरलेल्या होत्या आणि सगळे अबू सिराजच्या तोंडाकडे बघत होते.

त्याने खिशातून फोन काढला. "अदनान," तो म्हणाला, घसा खाकरला, आणि पुन्हा म्हणाला, "अदनान, शिडी घेऊन ये. आणि गोदामातल्या पेट्या. हो, सगळ्या."

"मोठ्याने सांग," विदाद म्हणाली. "वरच्यांना ऐकू आलं नाही."